पेटीला तारीख सांगावी लागते

पतसंस्था बुडाली, तिच्या लिलावात
तिजोरी एकाने नेली, पंखे दुसऱ्याने.
आमच्या मच्छीमार संस्थेच्या वाट्याला ही पेटी आली.
साडेतीनशे रुपये, वायरीसकट.
माऊस फुकट; त्याच्या पोटातली गोळी कुणीतरी आधीच काढलेली.

झाकण उघडलं.
आत उंदराने साठवलेला मूठभर धान,
पालीची दोन अंडी.
अंडी भिंतीच्या फटीत ठेवली,
आणि बदकाच्या पिसाने पंखा पुसला.

पाचशे बारा एमबी.
एवढ्यात आजचा मोबाइल कूससुद्धा बदलत नाही.
जुनी विंडोज उघडेपर्यंत
देवाजी वलथरे डोंगा सोडून, जाळं टाकून परत यायचे
आणि विचारायचे, “उठली का?”

मी साकोलीला आयटीआयमध्ये कोपा केलंय.
आई म्हणायची, बायोडाट्यात लिहायला बरं.
त्या बायोडाट्याचं पुढे काही झालं नाही,
पण एका रात्री पेन ड्राइव्हवरून
या पेटीत लिनक्स घातलं, मिळेल तितकं हलकं.
खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत,
काळा पडदा, त्यावर लुकलुकणारा एक ठिपका.
देवाजी बराच वेळ बघत राहिले.
“रातच्या तऱ्यावानी हाये,” म्हणाले,
“पल्याडच्या पारीवर कोनी कंदील घेऊन बसला हाये.”

आता ती पहाटे चारला वाजते, डोंगे सुटतात.
काट्यावरचं वजन मी सांगते तसं लिहून घेते:
कोण, कोणता मासा, किती.
दर आठ दिवसांनी तलावाचं पाणी,
पायरी मोजून.
शनिवारी प्रत्येकाचा हिस्सा काढते;
तेव्हा थोडी धापते, पण चुकत नाही.
पावसाळ्यात बाया तिच्या पाठीवर काडीपेट्या ठेवतात,
सादळू नयेत म्हणून.
हाही उपयोगच. धरला पाहिजे.

एकच खोड.
तिच्यातला घड्याळाचा सेल मेलाय.
लाइन गेली की ती सगळं विसरते,
आणि आमच्याकडे लाइन जातेच.
परत आली की तिच्यासाठी
एक जानेवारी दोन हजार तीन, रात्रीचे बारा.
रोज सकाळी मी तिला आजची तारीख सांगते,
म्हाताऱ्या माणसाला सांगावी तशी,
न रागावता.

एकदा घाईत राहिलं.
पार्बताबाई नान्हे, बोटरी, चार किलो सातशे,
हे जाऊन बसलं दोन हजार तीनमध्ये.

भंडाऱ्याहून आलेल्या ऑडिटरने बोट ठेवलं:
“या बाई त्या साली सभासद नव्हत्या.”
खरं होतं. रजिस्टरात नाव नवऱ्याचं,
सही नवऱ्याची. टोपली डोक्यावर घेऊन
लाखनीचा बाजार करायच्या त्या.

पार्बताबाई दारातच उभ्या होत्या, ओल्या लुगड्याने.
“तवाबी मीच होती ना बा तऱ्यावर.
लिवलं कोनं?”

ऑडिटरने चष्मा पुसला.
चहा आला. साखर जास्त होती.
मग म्हणाला, “बेरजेत नको. एवढं बघा.”

मी बेरजेतून काढली, पण ती ओळ खोडली नाही.
तिच्या आधी फक्त एक खूण घातली,
दोन आडव्या, दोन उभ्या काड्या,
जाळ्याच्या एका घरासारखी.
अशी खूण असली की पेटी ती ओळ सोडून पुढे जाते.
माणसाला मात्र वाचता येते.

नवा सेल आणलाय, तीस रुपयांचा.
अजून खणातच आहे,
सुतळीच्या रिळाशेजारी.