किल्ली दुसऱ्याच्या खुंटीला

दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम सुरू झाला
की दुकानात आलेला प्रत्येक सीपीयू आधी मला शिंकायला लावतो.
झाकण काढलं की पंख्याच्या पात्यांवर लाल थर.
नाकाला ओढणी बांधते, ब्रश घेते
आणि मग विचारते, काय झालं?

भटेसिंग गिरासे, वजनकाट्यावर बसतात.
म्हणाले, जुनी डिस्क कटकट करायची,
म्हणून काढली.
आता पोरीची नवीसुद्धा उठत नाही.
"तिले काय व्हयनं? तिले तं मी हातबी नही लावा."

नवी एकटी लावली,
पडदा म्हणाला, बूट होण्याजोगं काही नाही.
जुनी एकटी लावली,
पडदा म्हणाला, ग्रब रेस्क्यू,
आणि पुढे एक रेघ लुकलुकत राहिली,
कुणीतरी हाक मारून ओ ऐकायला थांबावं तशी.

कळलं मला.
नव्या घराची किल्ली जुन्या घराच्या खुंटीला,
आणि जुन्या घराच्या दारावर चिठ्ठी:
कोण कुठे राहतं ते नव्या घरात विचारा.
इन्स्टॉल करताना असंच होतं.
आपण नुसतं पुढे, पुढे दाबत जातो,
तो विचारत नाही, आपण सांगत नाही.

फोन लावला. कुंदन नाशिकहून, स्पीकरवर.
"बाबा, तुम्ही डिस्क काबर काढी?"
बाबा गप्प. छताकडे बघत.
मग ती माझ्याशी बोलू लागली
आणि तिची भाषा एकदम इस्त्रीची झाली:
ताई, पाचशे एमबीचं वेगळं पार्टिशन करा,
ग्रब तिथे टाका, एफएसटॅबमध्ये नवा क्रमांक लिहा.
मधेच मागून कुणी दार वाजवलं तिथे,
"येस ना, थांब!" असं काहीतरी ओरडली
आणि पुन्हा, हं ताई, तर.

पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं.
तिच्याच जागेतून चिमूटभर कापलं,
माउंट केलं, आत शिरले, ग्रब बसवलं.
एरर नाही.
रीस्टार्ट. उठलं!
भटेसिंगांनी चहा सांगितला
आणि चहा यायच्या आधी लाइट गेली.

लाइट आली तेव्हा
मशीन पुन्हा जुन्या डिस्ककडे तोंड करून बसलेलं,
घड्याळात एक जानेवारी, पहाटेचे बारा.
इतका वेळ मी दारं दुरुस्त करत होते
आणि दारवान रोज झोपेत सगळं विसरत होता.
बोर्डावरचा सेल मेलेला. पस्तीस रुपयांचा.
आधीच बघायला हवा होता,
हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता दोघींच्या किल्ल्या आपापल्या खुंटीला.
एक काढली तरी दुसरी उठेल.
यादीत दोन नावं, खाली उलटे आकडे, दहापासून.
"वर कोणतं ठेवू?"

ते खुर्ची ओढून पुढे सरकले.
जुन्यात पावती निघते ग्रॉस, टेअर, नेट.
व्यापाऱ्यांना तीच लागते, बँकेत तीच चालते.
पोरीनं केलेल्यात निघते
भरेल, रिती, माल.
गाडीवाले ती मोठ्यानं वाचतात, हसतात,
घडी करून टोपीत ठेवतात.

"वरे पोरनं ठेवा," म्हणाले.
"पन दहा सेकंद नका ठेवू, तीस करा.
गाडी कोनी शे, ते पाहाले येळ लागस."

केले तीस.
तपासायला म्हणून एक पावती काढली,
काट्याची वायर नाही, गाडी नाही,
दुकानात आम्ही दोघं आणि मिरचीची धूळ.

भरेल ०
रिती ०
माल ०

त्यांनी ती नीट वाचली,
शून्यांवरून अंगठा फिरवला,
खिशात ठेवली आणि विचारलं,
सेलचे किती?