शून्याचं तिकीट

जांबोटीहून बेळगावला बाईमाणसाला बस फुकट.
कंडक्टर आधार कार्ड बघतो, तिकीट फाडतो,
त्यावर रकमेच्या जागी शून्य.

पिशवीत कॉलेजची माहितीपुस्तिका, चौऱ्याण्णव पानं,
अर्धी कन्नडात, अर्धी इंग्रजीत,
माझी भाषा फक्त माझ्या आडनावात.
एक ऐच्छिक विषय निवडा. शुक्रवार, पाचपर्यंत.

मी हिशेब घातला.
शब्द लावत लावत एका पानाला दहा मिनिटं,
म्हणजे पंधरा तास, वर थोडे.
तेवढ्यात काजूच्या कारखान्यात
वीस किलो गर सोलून होतो,
अख्ख्याचा दर वेगळा, पाकळीचा वेगळा.
ही पुस्तिका वाचायची
तर आईचा चष्मा पुढच्या महिन्यावर.

नाही वाचली.
अडाणीपणा म्हणा.
मी बचत म्हटलं.

प्रणोती मळवी म्हणाली,
"काय गे, मी तर पर्यटन घेतलो.
सर हात सैल सोडून मार्क घालत्यात म्हणे."
तिनं विचारलं होतं भावाला,
भावानं झेरॉक्सवाल्याला,
झेरॉक्सवाल्यानं मागच्या वर्षीच्या गर्दीला.

मी वेळापत्रक तेवढं पाहिलं.
एक चाळीसच्या बसआधी सुटणारा
एकच तास होता: ग्राहक संरक्षण.
खूण केली.

मग ऑगस्टात एका बुधवारी
अकरा नंबरच्या खोलीवरून जाताना
टेबलावर दगड मांडलेले दिसले.
एक जांभा, आमच्या भिंतीतलाच,
तसाच भोकाभोकांचा, गंजासारखा तांबडा.
कल्लु, सर म्हणत होते, दगड,
एकच गोष्ट दोन्ही भाषांत.
लाखो वर्षं पाणी यातून उतरत राहिलं,
जे विरघळलं ते गेलं,
उरलं ते लोखंड.
मी खिडकीशी उभी.
बेंचावर सगळी मिळून सहा पोरं.
पुस्तिकेत होतं म्हणे हे,
एकाहत्तराव्या पानावर.

खाली स्टँडवर एक चाळीसची गेली.
पुढची चारला.
त्या दिवशी माझ्या वाटणीचा तीन किलो गर
दुसऱ्याच कुणी सोलला.

घरी सांगितलं, बस चुकली.
आईनं माझ्या हातातलं तिकीट घेतलं,
डोळ्यांपासून लांब धरलं,
मग जवळ.
"फुकटच की," म्हणाली,
"मग गेलं काय तुझं?"