खोडलेले दोन शब्द

दांडिया बाजारात, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर
मी मोडी वाचून देतो. पानाला दीडशे.
गिऱ्हाईक बहुतेक वकिलांनी धाडलेलं,
प्रत्येकाला जमीन हवी :
पूर्वेस ओढा, पश्चिमेस गावकूस, असं काही.

आज मकरपुऱ्याहून त्र्यंबक पडवळ आले, फर्निचरवाले.
बिस्किटांच्या डब्यातून गुंडाळी काढली,
दख्खनेतून इकडे येताना कुणीतरी
करवतीसोबत बांधून आणलेली.
‘साहेब, यात सर्व्हे नंबर निघेल ना?’

नाही निघाला.

शके पंधराशे बासष्ट. महजर.
सुताराची रांडव, नाव भागी.
दिराच्या कर्जापायी हवालदारानं
ठाण्यात खोडा घातला, तेरा दिवस.
गोत चावडीत बसलं. पुसलं : हिचा अन्याय काय?
‘हवालदार उगेच राहिले,’ असं लिहिलंय.
मग एक ओळ, जी मी चष्मा पुसून दोनदा वाचली :
‘मनसुबी जालियाविना कोणासही खोडा घालो नये.
घालील तो गोताचा अन्यायी.’

खाली निशाण्या. नांगर, तराजू, आरसा,
सुतारांची पटाशी,
आणि कोपऱ्यात एक कांकण,
वाकडं, टोकं न जुळलेलं.
हवालदाराचं नाव साक्षीदारांत. न्हाव्याच्या खाली.

‘म्हणजे जमीन नाही,’ पडवळ म्हणाले.
‘नाही.’
‘मग राहू द्या तुमच्याकडेच.’
दीडशे ठेवून जिना उतरले.
दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात त्यांची तारीख होती, एकोणिसावी.

मोडीत आधी रेघ ओढतात, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.
अक्षरं मागून येतात नि तिला लटकतात,
पाटलाची काय, न्हाव्याची काय.
तशाच एका रेघेखाली होतं :
‘सोडिली हवालदाराचे मर्जीनें’.
शेवटचे दोन शब्द खोडलेत.
वर, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘गोताचे न्यायें’.

कुणी अडवलं असेल?
पाटलानं? की तीच म्हणाली,
घोट्यावरचा व्रण चोळत, ‘हे असं नको’?
कागद सांगत नाही.
कुळकर्ण्याचा बोरू मात्र थबकलाय,
खोडायला जिथे टेकवला
तिथे शाईचा एक मोठा ठिपका आहे.

रात्री बालबोधीत उतरवताना
मी मर्जी आधी टाइप केली, मग खोडली,
दिसेल अशी.
त्या ठिपक्याचं काय करायचं
ते अजून सुचलेलं नाही.