चारी कोपरे

गडादांच्या दुकानात दोन यंत्रं मांडलेली.
एक शिंपल्यासारखं, झाकण वरून खाली येणारं.
दुसरं आपलं तापलेलं डोकं
बाजूला फिरवतं,
नको असलेला पाहुणा दारात दिसावा तसं.

"शिंपलं घ्या की अक्का, जागा कमी लागतीय,
चार हजारानं स्वस्त बी हाय."
पोराला त्यांनी कन्नडातून चहा सांगितला.
मी पिशवीतून थर्मामीटर काढला,
उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून चुलतभावानं
शनिवारपुरता आणून दिलेला.

डब्यावरचा आकडा एकशे साठ.
मधोमध एकशे साठ.
उजव्या कोपऱ्यात एकशे एकेचाळीस.
गडादांनी चष्मा पुसला.
"कोपऱ्यात कोण छापतंय अक्का?"

मी छापते.
पाठीवरचं नाव लांबलं
की शेवटचं अक्षर कोपऱ्यातच जातं
आणि तिसऱ्या धुण्याला तेच आधी उठतं.
कुणाचं आडनाव असं अर्ध्यावर सुटू नये.

फिरणारं घेतलं. तेवीस हजार पाचशे.
त्यातले अकरा मागाचे.
वडगावातला आमचा माग किलोवर गेला
त्या दुपारी आप्पा घरात नव्हते,
म्हणजे मुद्दामच नव्हते.
भिंतीवर मीटर राहिला, जाड वायर राहिली.
नवं यंत्र तिच्यावर लावलं
तर वायर गरमसुद्धा होईना.

कापडाला मात्र आप्पांना नेलं.
तिरुपूरच्या कोऱ्या टी-शर्टांचे गठ्ठे,
प्रत्येकावर चिठ्ठी: एकशे ऐंशी जीएसएम.
आप्पांनी एक बाही अंगठ्याखाली धरली,
दुसरीकडेच बघत राहिले.
"एकशे पंचावन. ढिलं विणलंय.
पैल्या पाण्यात आखडंल."
दुकानदार हसला, गोल कातर आणली, काटा आणला,
मग हसायचा थांबला.
एकशे सत्तावन्न.
"दोन चुकले," आप्पा रात्रीपर्यंत म्हणत होते.

सुतावर सब्लिमेशनची शाई
एका धुण्यात माहेरी जाते.
पॉलिएस्टरमध्ये ती वाफ होऊन शिरते, मग हलत नाही,
पण पॉलिएस्टर घालून उन्हात खेळणार कोण?
नंदगडची व्हॉलीबॉलची पोरं म्हणाली, सूतच पायजे.
म्हणून विनाईल.
छातीवर गावाचं नाव कन्नडात,
पाठीवर आडनावं मराठीत,
नंबर इंग्रजीत, त्यावर कुणाचं भांडण नाही.

कटरला सगळं उलटं द्यावं लागतं.
उलटी झाली की दोन्ही लिप्या
मला सारख्याच परक्या.
जास्तीचं विनाईल सोलताना
मराठी शब्द शिरोरेषेला धरून जागेवर राहतो,
कन्नड अक्षर मात्र एकेकटं,
त्याच्या वळशातला मोहरीएवढा तुकडा
आकड्यानं वेचायचा,
अन् वेचता वेचता अक्षरच उठून येतं.
तीन नावं मी अशी वाया घालवली.

"दे हिकडं."
आप्पांनी आकडा घेतला, दिवा जवळ ओढला
आणि ते उलटं कन्नड
वाचतच गेले सरळ, भरभर.
मी बघत राहिले.
"साडी उलटीच विणतोय की आमी," ते म्हणाले.
"सुलटी बाजू खाली, जमिनीकडं.
चाळीस वर्षं पाठच बघितली पदराची."

दाब, पंधरा सेकंद, डोकं बाजूला.
गार झाल्यावर पातळ प्लॅस्टिक सोलायचं,
गरम असताना नाही, हे बोट भाजून कळलं.

एका शर्टावर आरसा लावायचा विसरले.
हलगेकर उलटा उमटला, र पासून सुरू.
फेकायला काढला तर आप्पांनी उचलला,
तीनदा धुतला, कोपऱ्यातला र नखानं उकरून पाहिला.
निघाला नाही.

आता तोच घालून ते गडादांकडे जातात,
टेफ्लॉनचा कागद आणायला,
आणि गडाद दर वेळी विचारतात,
"आप्पा, हे काय लिवलंय?"