एका दमात

लिफ्ट बंद पडली त्याला आता दुसरं वर्ष.
कन्नमवार नगर, चौथा मजला.
पूर्वी निनादला पाठीवर घेऊन उतरायचो.
वळणावर त्याची हनुवटी खांद्यात रुतायची
आणि तो किती वाढला
ते काट्याआधी माझ्या गुडघ्यांना कळायचं.

आता डॉक्टर कुटिन्हो महिन्यातून एकदा
फोनमधून घरी येतात.
मिक्सरला टेकवून ठेवतो त्यांना.

"वजन?"
त्याला उचलून काट्यावर चढतो. एकशे आठ.
खुर्चीत ठेवतो, परत एकटा चढतो. सहासष्ट.
मी वजा केला
की उरतो बेचाळीस किलो मुलगा.

"टाच धरा. पाऊल हळूहळू वर. कोन सांगा."
त्याच्या कंपासपेटीतला कोनमापक
घोट्याला लावतो.
काटकोनाच्या अलीकडेच अडतं पाऊल.
"दुखतंय का ते त्याच्या चेहऱ्यावर बघा,
मला इथून नुसता अंधार दिसतोय."
पडदा सारतो.
मिसरूड फुटलीय त्याला.
कधी?
पाठीवर असताना तोंड दिसायचं नाही.

"आता खोल श्वास, आणि एका दमात मोज."

एक, दोन, तीन
आत हिने कुकर बंद केला
नऊ, दहा
खाली भंगारवाला ओरडत गेला
पंधरा, सोळा
दिवाळीत चोवीस झाले होते
अठरा
एको
णीस.

डॉक्टरांनी लिहून घेतलं.
"रात्री झोपताना श्वासाचं मशीन लावायचं
आता मनावर घेऊ या," म्हणाल्या,
आणि पुढचं काही म्हणता म्हणता
चित्र थिजलं. तोंड अर्धं उघडं,
एक बोट हवेत.
निनाद म्हणाला,
"बघा बाबा, त्यांनाच धाप लागली."
आम्ही तिघं हसलो.
तो हसताना मध्येच थांबतो हल्ली, पण हसला.

वीसला एक उणा, म्हणून एकोणीस.
शाळेत पाठ केलं तेव्हा
हे कुणी सांगितलं नव्हतं,
की आकड्याच्या नावातच
काय नाही ते आधी येतं.

रात्री तो झोपल्यावर
गॅलरीत उभा राहून मीही मोजून पाहिलं,
ओठांतल्या ओठांत, एका दमात.
एकोणिसाशी थांबलो.

दम शिल्लक होता.
कुठे ठेवायचा, कळेना.