सोबत: कविता, एक प्रत

संमेलनाच्या परवानगीचा अर्ज
तीनदा परत आला.
पहिल्यांदा तिकीट कमी होतं,
दुसऱ्यांदा साहेब नव्हते,
तिसऱ्यांदा म्हणाले, वाचणार काय ते कळू दे,
सगळ्या कविता कन्नडात करून आणा.

अकरा कवी होतो आम्ही.
दोघांनी नावं काढून घेतली.
भरमा गुरवनं कागदच फाडला. म्हणाला,
माझं दुःख मी तपासून घेणार नाही
कुणाकडनं.
बरोबरच होतं त्याचं.
पण मांडव सांगितलेला, खुर्च्यांचा विसार दिलेला,
आणि गावात त्या साली दुसरं काही
उभंच राहिलं नव्हतं.

ऑगस्टात मार्कंडेय शिवारात शिरली.
बासमतीवर हातभर गाळ.
रताळी जमिनीतच कुजली, त्याचा वास
दसऱ्यापर्यंत अंगणात.
'ह्यात कविता कशाला करूलायस?'
भावानं विचारलं, खोरं न थांबवता.
मी उत्तर दिलं नाही.
दुसरं खोरं घेतलं.

रात्री कन्नडात करायला बसलो.
ज्या भाषेत मी आजवर
मिरचीचा भाव केला, बस विचारली,
तलाठ्याकडं उतारा मागितला,
तिच्यात पहिल्यांदाच
रडायचं होतं.

ठाण्यात हवालदार मल्लेशप्पा तळवार.
चष्मा कपाळावर, पुढ्यात चहाची बशी.
ओळीवर बोट ठेवून वाचत गेला
पंचनामा वाचतात तसा.
बोट थांबलं ते इथं:
पूर उतरला,
भिंती उभ्या राहिल्या
ओल्या बाळंतिणीसारख्या,
कुणी हात लावू नये अशा.

ओलीला मी लिहिलं होतं, ओद्दे.
'ओद्दे म्हंजे धोतर,' तो म्हणाला,
'दोरीवर टाकलेलं.
बाणंती ओद्दे नसतीय, सर.
हसी. हसी बाणंती.'
आणि खिशातलं पेन काढून
माझा शब्द खोडला,
वर आपला लिहिला.

हसी. म्हणजे ओली.
म्हणजे कच्चीसुद्धा: न भाजलेली वीट,
आजच तोडलेलं लाकूड,
खपली न धरलेली जखम.
मी इतकी वर्षं ह्या शब्दाच्या
शेजारच्या घरात राहत होतो.

त्यानं बशी माझ्याकडं सरकवली.
गोकाककडं त्याची बहीण.
घटप्रभेचं पाणी माळ्याला लागलं तेव्हा
शाळेच्या गच्चीवर, ताडपत्रीखाली,
तिला मुलगी झाली.
एवढंच बोलला.
नाव काय ठेवलं, मी विचारलं,
तेवढ्यात फोन वाजला.

परवानगी मिळाली नाही.
वरून आलं म्हणे.
कारणाच्या रकान्यात नुसती रेघ.

मग यल्लापाच्या भात-गिरणीत वाचलं,
पट्टा उतरवून, दार ओढून,
कर्ण्याशिवाय.
कोंड्याच्या पोत्यांवर चाळीसेक माणसं.
भरमा आला उशिरा,
फाडलेली कविता तोंडपाठ म्हणाला,
मधल्या दोन ओळी विसरला
आणि तिथं गप्प उभा राहिला,
तेवढ्याच वेळ.

माझी पाळी आली.
ओल्या म्हणालो, अडलो,
मग म्हणालो, हसी.
अर्थ कुणी विचारला नाही.
मागं लगमव्वा बसली होती, सुपात काहीतरी निवडत.
तिचा हात थांबला.

भाऊ म्हणाला, जरा लांबली.

कवितेनं भिंती वाळत नाहीत.
आमच्या शिमग्याला वाळल्या,
उन्हानं.
पण ठाण्यातल्या कुठल्यातरी फायलीत,
शेळी चोरल्याच्या तक्रारीखाली,
तो कागद असेल अजून:
माझ्या अक्षरात एक पूर,
आणि त्यात एकच शब्द
दुसऱ्या हाताचा,
दाबून लिहिलेला,
मागच्या पानावर उमटलेला.