गोगलगाय

ट्रेंट नदीकाठचं विटांचं हे पंपघर
लांबून चर्चच वाटतं.
मनोऱ्यात घंटा नाही, धुराडं दडवलंय.
पटकीनं तीन गल्ल्या ओस पडल्या,
तेव्हा कुठं नगरपालिकेनं हात सैल सोडला :
रंगीत काचा, बिडाचे खांब,
खांबांच्या माथ्यावर पाणकमळं, लव्हाळी,
अन् मधोमध दोन मजली इंजिन,
संथ,
मिनिटाला अकरा श्वास.

इनॉक ट्रँटर, तेलवाला.
दर तासाला झारी घेऊन शिडी चढायचा.
वरच्या खांबाला, मागं, भिंतीच्या बाजूनं
कुणा ओताऱ्यानं पानाखाली
एक गोगलगाय ओतून ठेवलेली.
नकाशात नव्हती. बिलातही नसावी.
इनॉक कुणाला बोलला नाही.
जाता-येता तिच्या पाठीवर
तेलकट बोट टेकवायचा, एवढंच.

मग वीज आली. बॉयलर निवले.
त्या रात्री गल्लीतलं एकही तान्हं पोर
झोपलं नाही.

आता रविवारी विनिफ्रेड ऑल्सॉप येते,
पहारीनं चाक पाव फेरा ढकलते,
वजन एकाच जागी बसू नये म्हणून.
शिडीही चढते, गुडघा कुरकुरतो तरी.
वर सगळं बीड तांबूस, खरबरीत.
तेवढी ती पाठ
काळी, गुळगुळीत.
कशानं, ते तिला उमगत नाही.